पाळण्यातला वरवंटा

निरोप दुपारी आला. तुमच्या पाळण्यात आधीच कुणीतरी आहे, असं त्या बाईने लिहिलं होतं. बाई कुठल्या मुलखातली, खरंच बाई की बाईचं सोंग घेतलेला कुणी मिशाळ बाप्या, हे अभिमन्यूला ठाऊक नव्हतं. कॉम्प्युटरमधल्या त्या जगात कुणालाच कुणाचं ठाऊक नसतं आणि कुणाचं त्यावाचून अडतही नाही. दोन ओळींचं सभ्य इंग्रजी होतं. पाळणा फार सुंदर झाला आहे, पण बाळ आत ठेवलं की ते तळाशी जात नाही, मध्येच अधांतरी राहतं, खाली दुसरं कुणी निजलेलं असावं तसं. जमलं तर बघाल का. अभिमन्यूने ते वाचलं, टेबलावरचा तांब्या उचलून तोंडाला लावला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की तांब्या रिकामा आहे आणि आपण तो नुसताच ओठांशी धरून बसलो आहोत. बाहेर जुळे सोलापूरचा एप्रिल तापला होता. कूलरमधलं पाणी संपून गरम वारा येत होता. समोरच्या गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या आणि त्यांची राखण करायला कुणी नव्हतं. यात घाबरण्यासारखं काही नाही, तक्रारी येतातच, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि खुर्ची पुढे ओढली.

त्याचं काम लोकांना सांगून कळत नसे. करमाळ्याला त्याचे वडील रामहरी पारावर सांगत, पोरगं कॉम्प्युटरात भांडी घडवतंय, आणि पारावरची माणसं माना डोलवत. थोरल्या माणसाला खोटं कसं पाडायचं. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तो यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग काढायचा. कारखान्याला टाळं लागलं आणि तो या उद्योगाला लागला. त्या जगात लोकांची घरं असतात, अंगणं असतात, झाडं असतात आणि त्या घरांना सामान लागतं. सामान घडवायचं तर हत्यार म्हणून मिळतात नुसते भरीव आकार: ठोकळा, गोळा, नळकांडं. ठोकळ्याची भिंत कुणीही करील. पण जे पातळ आहे आणि वळलेलं आहे ते तिथे आयतं मिळतच नाही. ते भरीवातून काढावं लागतं. गोळा घ्यायचा आणि तो आतून पोखरायचा, पोखरत राहायचं, साल तेवढी उरेपर्यंत. मग त्या सालीची फोड कापायची, चेपायची, मुरडायची, आणि फूल न तोडता पाकळी हातात येते. यात अभिमन्यूचा हात कुणी धरला नसता. कर्दळीचं पान, सुपाची कड, दोरीवर टाकलेल्या लुगड्याचा पदर असं सगळं त्याने गोळ्यांच्या पोटातून काढलं होतं. तव्यावर वाळून कडेला वर उचललेली कडक भाकरीसुद्धा त्याने केली होती, आणि ती कुठल्याशा बर्फाळ देशातल्या एकाने कलाकृती म्हणून दिवाणखान्यात टांगली होती. यावर त्याची बायको वैजयंती इतकी हसली होती की तिला ठसका लागला होता. तेव्हा ती हसायची. तिसरा महिना होता तिला, आणि भाकरीचा वास सहन होत नसल्याने ती बाहेरच्या खोलीत त्याच्या खुर्चीमागे उभी राहून त्याची बिनवासाची भाकरी बघत होती. तुमच्या गावात बरं हाय, म्हणाली होती, चूल न्हाय की धूर न्हाय.

त्या गावाची एक खोड मात्र नव्या कारागिराला हमखास फसवते. तिथे प्रत्येक वस्तू दोनदा असते, एक डोळ्यांसाठी आणि एक धक्क्यासाठी. तुम्ही गोळा पोखरून वाटी केलीत तरी धक्क्याला तो गोळाच राहतो. वाटी रिकामी दिसते आणि तिच्यात काही टाकायला जावं तर ते वरच अडतं. स्वतंत्र सांगावं लागतं, की बाबा, हिला आतूनही रिकामी धर. अभिमन्यूला वाटलं, घाईत तेवढं सांगायचं राहिलं असेल. बघितलं तर ते सांगितलेलं होतं. मग त्याने काठ तपासले, साखळ्या तपासल्या, झोक्याचा छोटा प्रोग्रॅम ओळीओळीने वाचला, तो बाईच्या घरचाच काहीतरी घोळ असणार इथवर आला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. शेवटी, काहीच उरलं नाही म्हणून, त्याने ती कळ दाबली जिच्याने तिथल्या पारदर्शक वस्तू लाल दिसायला लागतात. पाळण्याच्या तळाशी वरवंटा पडला होता.

तो त्यानेच ठेवला होता. आता आठवलं, म्हणजे विसरल्याचं आठवलं. पाळणा पुरा झाला आणि झोका नीट बसतो का हे बघायला त्याने तो हलवला. नाजूक पाळणा होता, बोटभरही जाड नसलेल्या वळणदार फळ्यांचा, आणि तो रिकामाच मागेपुढे जायला लागला तसा अभिमन्यूने घाईने तो थांबवला. रिकामा पाळणा हलवू नये. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पायातली चप्पल उलटी पडू देऊ नये, तिन्हीसांजेला केर काढू नये, तसंच ते अंगात मुरलेलं होतं. आई करमाळ्याला शेजारणींचे पाळणे बघायला जायची तेव्हा तो तिचं बोट धरून असे, आणि बारशाला बायका आधी धुतलेल्या वरवंट्याला हळदकुंकू लावून, टोपडं घालून पाळण्यात निजवतात आणि मगच बाळाला ठेवतात हे त्याने पाहिलं होतं. पाळणा कधी रिकामा असू नये, एवढाच त्याचा अर्थ तो समजला होता. म्हणून त्याने पटकन एक नळकांडं घेतलं, दोन्ही टोकांना गोल केलं, आत निजवलं आणि मग झोका दिला. तेव्हा कुठे बरं वाटलं. नंतर विक्रीसाठी फोटो काढताना दगड दिसायला नको म्हणून त्याने तो पारदर्शक केला, आणि दगड तिथेच राहिला. पाळणा घेऊन शोभेला टांगणारे काहीजण होते. बाळ ठेवून बघणारी ही पहिलीच. आता त्या लाल आकाराकडे बघताना त्याला दिसलं की हा वरवंट्यासारखाही नाही. एका टोकाला जरा रुंद आहे, दुसऱ्या टोकाला निमुळता, आणि लांबी त्याच्या कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढीच. घरातल्या वरवंट्याचं माप त्याने घेतलंच नव्हतं. कशाचं घेतलं होतं ते हातांना माहीत होतं.

फोन वाजला तो वैजयंतीचा. अकलूजला माहेरी जाऊन तिला सात महिने उलटून गेले होते. महिनाभर राहून येते म्हणून गेली, मग पुढच्या महिन्यात, मग उन्हाळ्यात, असं ते घोंगडं भिजत पडलं होतं. कुणी भांडलं नव्हतं. भांडण असतं तर मिटवायला काही सापडलं असतं.

"अवो, तो माळ्यावरचा पाळणा हाय न्हवं?" ती म्हणाली. "शिवराजच्या पोराचं बारसं हाय रविवारी. आई म्हनती, घरचा पाळणा असताना दुसऱ्याचा कशाला मागायचा."

"हाय की," तो म्हणाला.

"आनाल का तुमी? शिवराजच्या वळखीचा पिकअप शनिवारी सोलापूरला येतोय खत घेऊन. परतताना मोकळाच येनार."

त्याने माळ्याकडे बघितलं. पाळणा गोजरबाईंचा, म्हणजे त्याच्या सासूचा होता. वैजयंती आणि शिवराज दोघंही त्यातच वाढली. वैजयंती पोटुशी असताना, सातव्या महिन्यात सासूबाई स्वतः तो घेऊन सोलापूरला आल्या होत्या. त्याचे सागवानी गज बघूनच पुढे अभिमन्यूने आपला तो दुसरा पाळणा केला, हे वैजयंतीला माहीत नव्हतं.

"ऐकताय न्हवं?" ती म्हणाली. मग जरा आवाज उतरवून, "आत्या म्हनून मलाच नाव ठेवायचंय. शेजारच्या बायकांचं काय काय चाललंय, हिनं कशाला म्हून. पर शिवराज म्हनला, माझी बहीनच ठेवनार. आन बारसं झालं की येते म्हनते मी. तुमच्यासंगंच. किती दिस ऱ्हायचं हितं."

त्याला एकदम रडू यावं असं झालं. बरं, म्हणाला तो. तेवढ्यात फोन गोजरबाईंनी घेतला. "पावनं, पाळणा रिकामा आनू नगा बरं का. तुमच्या घरचा वरवंटा धुवून ठिवा त्यात. रस्त्यानं रिकामा पाळणा हालत येऊ नये."

"व्हय," अभिमन्यू म्हणाला. पडद्यावर पाळणा लाल वरवंट्याला घेऊन सावकाश हलत होता.

तिने येते म्हटलं होतं. याच एका वाक्याची त्याने सात महिने वाट पाहिली होती, आणि ते आल्यावर त्याला कळलं की आपण तिच्या येण्याला भितो आहोत. ती येईल, ताट वाढील, समोर बसेल, आणि पुन्हा कधीतरी तेच विचारील. तिने ते एकदाच विचारलं होतं, दवाखान्यातून घरी आल्यावर, भिंतीकडे तोंड करून. तुमी बघितली व्हती का तिला? कुनावर गेली व्हती? आणि तो म्हणाला होता, न्हाय. दिली न्हाय बघायला. उचलली जीभ लावली टाळ्याला. तिला बरं वाटावं म्हणून की विषय मिटावा म्हणून की स्वतःची सुटका म्हणून, ते त्याला अजून उलगडलेलं नव्हतं. ती भिंतीकडेच बघत म्हणाली, म्हंजे कुनीच न्हाय बघितली. आली तशी गेली, कुनाच्या नजरंस न पडता. त्या दिवसापासून ती जी आत गेली ती बाहेर आली नाही. रडली असती तर बरं होतं. ती वेगळ्याच गोष्टीचा शोध घेत असल्यासारखी घरातून फिरायची, डबे उघडायची, बंद करायची.

त्याने बघितलं होतं. आठव्या महिन्यात अचानक पोटातलं हलायचं थांबलं, म्हणून तिला दवाखान्यात नेलं. वैजयंतीला गुंगी दिली होती, ती शुद्धीवर नव्हती. सिस्टर हिरव्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन बाहेर आली आणि हळूच म्हणाली, घेता का जरा? रामहरी बाकावरून उठून आले. "तोंड बघू नगंस," म्हणाले. "बघितलं की जन्मभर मागं लागतंय." वडिलांचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता, म्हणून त्याने तोंड बघितलं नाही. हात पुढे केले. कापड हातावर आलं आणि हातात काही आलंय असं त्याला वाटलंच नाही, इतकं ते हलकं होतं. तोंड कापडाने झाकलेलं होतं, पण कान उघडा राहिला होता. खिडकीतलं ऊन त्याच्यावर पडलं होतं आणि पलीकडून तांबूस दिसत होतं. वरची कड आत दुमडलेली होती आणि ती अजून उलगडली नव्हती. अभिमन्यू, ज्याने तीन वर्षं पातळ आणि वळलेल्या वस्तूंशिवाय दुसरं काही केलं नव्हतं, तिथे उभा राहून विचार करत होता की हे कसं केलं असेल. एवढी साल कशातून काढली. पुढे कैक रात्री त्याला याच विचाराची लाज वाटली: पोटच्या पोरीला हातावर घेऊन आपण कारागिरी बघत होतो. मग सिस्टरने ती परत घेतली.

तोच कान तिला सांगायचा होता. कुणावर गेली ते माहीत नाही, वैजू, पण कान तुझा होता, वरून दुमडलेला. एवढंसं वाक्य. पण त्याच्या आधी दुसरं एक वाक्य होतं, मी खोटं बोललो, आणि त्या वाक्यावरून पलीकडे जायला वाट नव्हती. दर महिन्याला ते जास्त जड झालं. पहिल्याच आठवड्यात सांगितलं असतं तर ती चिडली असती, रडली असती, आणि पोरीला एक कान तरी मिळाला असता. आता सांगितलं तर तिला कान मिळेल आणि हेही कळेल की तो मी इतके महिने लपवून एकट्याने वापरला. कारण त्याने वापरलाच होता. ती माहेरी गेल्यावर रोज, काम बाजूला सारून, तो कान करायला बसे. गोळा घ्यायचा, पोखरायचा, फोड कापायची, कड आत मुरडायची. जाड ठेवला तर तो मातीच्या गणपतीचा कान दिसे. पातळ करत नेला की एका मर्यादेपलीकडे त्या जगात वस्तूला पाठ उरत नाही. समोरून कान दिसतो, अगदी उन्हातला तांबूससुद्धा. बाजूने वळून मागे गेलं की तिथे काहीच नसतं. तुम्ही जागेवर उभे राहिलात तरच तो आहे. त्याने असे कान केले आणि पुसले. एकही जमला नाही.

बाईला उत्तर द्यायचं होतं. त्याने लाल वरवंटा निवडला आणि पुसण्याच्या कळीवर बोट ठेवलं. आधीच विकले गेलेले पाळणे यामुळे सुधारणार नव्हते, हे त्याला माहीत होतं. एकदा दुसऱ्याच्या घरी गेलेल्या वस्तूला तिथे हात लावता येत नाही. कुठकुठल्या अनोळखी घरांत, समुद्राकाठच्या बंगल्यांत, बर्फातल्या झोपड्यांत तो न दिसणारा आकार तसाच झोके घेत राहणार होता, कुणाच्या नजरेस न पडता. निदान तेवढं तरी पोरीच्या वाट्याला. त्याने कळ दाबली. पाळणा रिकामा झाला. बाईला नवा धाडला, माफी मागितली, आणि मग पाहिलं तर पडद्यावरचा पाळणा अजून हलतच होता, कारण झोका त्यानेच घातला होता आणि तो कुणी आत आहे की नाही हे बघत नव्हता. मागे, पुढे. अभिमन्यूने डोळे मिटले, आणि मग थेट प्लग काढला. बाईचं उत्तर संध्याकाळी फोनवर आलं. धन्यवाद, आता बाळ छान झोपलंय.

शनिवारी त्याने माळ्यावरून पाळणा काढला. जुन्या लुगड्यात गुंडाळलेला होता, कोळ्यांनी जाळी केली होती. पुसला, साखळ्या चिंचेने घासल्या. स्वयंपाकघरातला वरवंटा धुतला. वैजयंती गेल्यापासून चटणी वाटली गेली नव्हती, तो कोरडा ठणठणीत होता. लुगड्याची घडी खाली घालून त्याने तो पाळण्यात ठेवला. पिकअप निघाला आणि मोहोळच्या पुढे रस्ता खराब लागला तसा मागे दगड लाकडावर आपटायला लागला. थोडा वेळ त्याने ते ऐकलं. मग गाडी थांबवायला सांगून तो मागे गेला आणि वरवंटा घेऊन परत पुढे येऊन बसला.

"सायेब, वरवंटा मांडीवर?" ड्रायव्हर म्हणाला.

"पाळण्याला लागतोय," अभिमन्यू म्हणाला.

"लागू द्या की. सागवान हाय." मग त्याच्या तोंडाकडे बघून ड्रायव्हरने रेडिओ लावला. दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला होता. दगड उन्हाने तापून मांडीला चटके देत होता, आणि अभिमन्यू मनाशी वाक्यं जुळवत होता. बारसं होऊ दे. घरी आल्यावर, चार दिवस जाऊ देऊन. आधी कान सांगायचा आणि मग बाकीचं. अकलूजच्या अलीकडे त्याने गाडी पुन्हा थांबवली आणि वरवंटा पाळण्यात ठेवला.

रविवारी पुढच्या खोलीत पाळणा टांगला. पितळेच्या साखळ्यांवर ऊन पडलं होतं. गल्लीतल्या बायका जमल्या, घुगऱ्यांचा वास सुटला, गोजरबाई लगबगीने आतबाहेर करत होत्या आणि जाता येता लेकीच्या तोंडाकडे बघत होत्या. वैजयंतीने हिरवं लुगडं नेसलं होतं. वाळली होती, पण तिने अभिमन्यूला पाणी दिलं तेव्हा ती हसली, खरंच हसली, आणि म्हणाली, पिशवी भरून ठेवलीय मी. बायकांनी टोपडं घातलेला वरवंटा देवाची नावं घेत पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हाती दिला, निजवला, झोका दिला. मग बाळाला आत ठेवायची वेळ आली. बाळंतीण बाळाला घेऊन पुढे झाली. वैजयंतीने वाकून वरवंटा उचलला आणि तो ठेवायला जागा शोधत ती दाराशी आली. दाराशी अभिमन्यू उभा होता. ती थांबली. दोन्ही हातांवर वरवंटा आडवा धरून तिने तो जरासा वरखाली केला. तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा ती काहीतरी बोलू बघत होती, नवऱ्याशी, त्या दोघांतलं.

"एवढीच असंल, न्हाय?" ती हळूच म्हणाली.

"न्हाय," तो म्हणाला. "हलकी व्हती."

बोलून गेल्यावर त्याला ते ऐकू आलं. वैजयंतीचे हात थांबले. तिने वर बघितलं, आणि तिला कळत जाताना त्याला दिसलं, एकेक करत, आधी हे की याने धरली होती, मग हे की त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून विचारलं तेव्हाही याला माहीत होतं, मग सगळे महिने. त्याने तोंड उघडलं. कान, म्हणायचं होतं त्याला. नुसतं कान म्हणाला असता तरी चाललं असतं. तिने वरवंटा त्याच्या हातांत ठेवला.

"धरा," ती म्हणाली.

"आत्याबाई, या की," बायका ओरडल्या. "नाव सांगा बाळाच्या कानात."

ती गेली. पाळण्यावर वाकली, बाळाची मान एका हाताने हळूच कलती केली आणि टोपड्याची कड कानावरून मागे सारली. तोंड कानाशी नेलं. आता रीतीप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली, हसत, एकमेकींना ढकलत, बांगड्या वाजवत. आत्याने नाव सांगून उठायचं आणि लटकंच रागवायचं असतं. वैजयंती उठली नाही. तिचं तोंड त्या कानाशीच होतं आणि ती काय सांगत होती ते कुणाला ऐकू येत नव्हतं. लई मोठं नाव दिसतंय, कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या पुन्हा हसल्या. गोजरबाई तेवढ्या हसायच्या थांबल्या. अभिमन्यू दाराशी टोपडं घातलेला वरवंटा दोन्ही हातांवर धरून उभा होता, आणि बायका तिच्या पाठीत मारतच होत्या.